प्लास्टर की रॉड? मोडलेल्या पावलाची गोष्ट

धाडच्या स्टँडवर कुणी कुबड्या घेऊन उतरला, की पहिला प्रश्न ठरलेला: "रॉड टाकला का?" आपल्याकडे रॉड म्हणजे सगळंच. प्लेट, स्क्रू, तार, काहीही. आणि "नाही, नुसतं प्लास्टर" असं उत्तर आलं, की समोरचा हळहळतो. जणू पैसे कमी पडले म्हणून अर्धाच इलाज झाला.

आता जरा लिव्हरपूलला जाऊ. तिथे एव्हान थॉमस नावाचा हाडवैद्य होता, घराणंच हाड बसवणाऱ्यांचं. डॉक्टर मंडळी त्याला कोर्टात खेचायची. त्याने मग पाचही पोरांना डॉक्टर केलं. त्यातला ह्यू ओवेन थॉमस एकच गोष्ट सांगायचा: मोडलेल्या हाडाला विश्रांती द्या, सक्तीची, सलग आणि भरपूर. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकला. हा जोन्स एकदा नाचता नाचता पाऊल मोडून बसला! करंगळीच्या बाजूचं लांब हाड, बुडाजवळ. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे तेव्हा अगदी नवा. जोन्सने फोटो काढला, तसेच आणखी पेशंट गोळा केले आणि १९०२ मध्ये लेख छापला. ते आजचं 'जोन्स फ्रॅक्चर'.

गंमत अशी, की विश्रांतीवाल्या घराण्याचं नाव लागलेल्या याच फ्रॅक्चरला आज खेळाडूंमध्ये बऱ्याचदा स्क्रू टाकतात. त्या जागी रक्तपुरवठा कमी, हाड सावकाश जुळतं. पण स्क्रू म्हणजे गॅरंटी नाही. बास्केटबॉलवाला केविन ड्युरंट, ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑपरेशन, आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच पायावर आणखी दोन.

ऑपरेशनला उगाच नावं ठेवायची नाहीत. महिनोन् महिने प्लास्टरात राहून सांधे आखडायचे, पोटऱ्या वाळायच्या. म्हणून १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या काही सर्जननी 'एओ' हा गट काढला: हाड प्लेटने घट्ट धरा आणि पाय लवकर हलवा. ते बरोबरच होतं.

पण टाचेचं काय? झाडावरून, गच्चीवरून, विहिरीत पडलं की टाच फुटते. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. ब्रिटनमध्ये १५१ पेशंटांचे दोन गट केले, एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला नाही. २०१४ मध्ये निकाल छापला. दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं दोन्हीकडे जवळपास सारखंच! जखम चिघळण्यासारखे त्रास मात्र ऑपरेशनवाल्यांत २३ टक्के, दुसरीकडे ४. टाचेवरची कातडी पातळ, तिथला चिरा लवकर भरत नाही. त्यात बिडी किंवा शुगर असेल तर आणखीच अवघड.

हे बंद जखमेचं, बरं का. हाड बाहेर आलंय किंवा टाच पारच वाकडी झालीये, असे पेशंट त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. तिथे बुलढाण्याला नाहीतर संभाजीनगरला गाडी काढायचीच. आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेणं तर अजिबात नको, रक्त अडलं तर पाऊलच जातं.

बाकी सोयाबीनच्या पैशातून रॉड टाकायचा की नाही, हे एक्स-रे बघून डॉक्टरांना थेट विचारा: "ऑपरेशन नाही केलं तर दोन वर्षांनी काय फरक पडेल?" कित्येक आठवडे पाय टेकायचा नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.