मृत्युलेखांचा कप्पा आणि त्यात नसलेली आपली माणसे

६ फेब्रुवारी २०२२, रविवारची सकाळ. बोरीवली पूर्वेला आमच्या विहारात साफसफाई चालली होती. लता मंगेशकर गेल्याची बातमी आली आणि शेजारच्या घरातला टीव्ही मोठ्याने सुरू झाला. हातातला चहा संपायच्या आत त्यांचे बालपण, वडिलांची नाटक कंपनी, सुरुवातीची गाणी, पुरस्कार, जुन्या मुलाखतींचे तुकडे असे सगळे ओळीने दिसू लागले. आमच्यातल्या एका मुलाने विचारले, "एवढं सगळं यांनी आत्ता बनवलं?"

आत्ता कुठले? लताबाई महिनाभर ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या, आणि त्यांचे वय ९२ होते. अशा माणसाची फाईल कुठल्याही मोठ्या वृत्तसंस्थेत कधीच तयार झालेली असते. लताबाईंच्या गाण्याशी आमचे भांडण नाही, त्या गाण्यांवर आमच्या आयाही वाढल्या. आमचा प्रश्न फाईलचा आहे. ती कोणाची तयार होते आणि कोणाची होत नाही?

पद्धत साधी आहे. नामवंत माणूस उतारवयाला लागला किंवा आजारी पडला की त्याचा मृत्युलेख लिहून ठेवतात. जन्म, शिक्षण, गाजलेली कामे, वादाचे प्रसंग, निवडक छायाचित्रे सगळे जागेवर. वय, तारीख आणि मृत्यूचे कारण यांची जागा तेवढी मोकळी. न्यू यॉर्क टाइम्सकडे असे हजाराहून जास्त लेख तयार असतात. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये वारल्या तेव्हा त्या वर्तमानपत्रात आलेल्या मृत्युलेखाचा लेखक मेल गुसो २००५ मध्येच वारला होता! कधी कधी बटण चुकीचे दाबले जाते. ब्लूमबर्गने ऑगस्ट २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जचा मृत्युलेख चुकून प्रसिद्ध केला, जॉब्ज त्यानंतर तीन वर्षे जगले. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या सरकारी रेडिओच्या संकेतस्थळावर असे शंभरेक लेख एकदम बाहेर पडले. त्यात फुटबॉलपटू पेले होते आणि इंग्लंडची राणीही होती.

आपल्या मुंबईतही असा प्रकार घडला आहे, तो मात्र थेट संसदेतून. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांच्या निधनाची घोषणा केली, संसदेचे कामकाज तहकूब झाले, आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम थांबवले, शाळा आणि दुकाने बंद झाली. जयप्रकाश इकडे जिवंत होते! ते गेले ८ ऑक्टोबरला. राज्यसंस्थेची शोक करायची तयारी इतकी पक्की होती की मृत्यू व्हायची वाट पाहण्याचीही गरज उरली नाही.

हे किस्से ऐकून हसू येते. पण मार्कस गार्वीची गोष्ट वाचल्यावर आमचे हसू थांबले. अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या जनतेला स्वाभिमान शिकवणारा हा नेता १९४० च्या जानेवारीत लंडनमध्ये अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या मृत्यूची अफवा पसरली आणि वर्तमानपत्रांनी त्याचे मृत्युलेख छापून टाकले. ते त्याने स्वतः वाचले, आणि त्यात त्याची निंदाही होती. त्याला पुन्हा झटका आला आणि १० जूनला तो गेला. एका माणसाच्या आयुष्याचा निवाडा त्याच्या विरोधकांच्या शब्दांत लिहिला गेला, आणि तो त्याला डोळ्यांनी वाचावा लागला.

गार्वीला निदान निंदा तरी मिळाली. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार स्त्रीने जमावाने केलेल्या हत्यांची एकेक नोंद गोळा करून जगापुढे मांडली. ती १९३१ मध्ये वारली तेव्हा न्यू यॉर्क टाइम्सने मृत्युलेखच दिला नाही. १८५१ पासूनचे आपले मृत्युलेख बहुतांश गोऱ्या पुरुषांचेच आहेत, अशी कबुली देऊन त्या वर्तमानपत्राने ८ मार्च २०१८ पासून राहून गेलेल्या व्यक्तींवर लिहायला सुरुवात केली. पहिल्या पंधरा स्त्रियांत आयडा वेल्स होती आणि आपली मधुबालाही होती. म्हणजे वेल्सला ८७ वर्षे थांबावे लागले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी अशी कबुली द्यायची ठरवली, तर ती यादी कुठून सुरू होईल याचा वाचकांनीच विचार करावा.

'मूकनायक' १९२० मध्ये निघाला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपल्याला पाठ आहे. ज्यांना जन्माची जाहिरात विकत मिळत नव्हती, त्यांनी मृत्यूची बातमी कोणाकडून मागायची? म्हणून बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी एकामागून एक स्वतःची पत्रे काढली. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने सांताक्रूझला आले, तिथून राजगृहात नेले. ७ तारखेला दादर चौपाटीवर आचार्य अत्रे बोलले. त्यांचा 'मराठा' तेव्हा अवघ्या तीन आठवड्यांचा होता, १५ नोव्हेंबरला सुरू झालेला. १६ डिसेंबरला मुंबईत धम्मदीक्षा द्यायचे बाबासाहेबांनी ठरवले होते. जमलेल्या जनतेने ती दीक्षा भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून चितेसमोरच घेतली. ते कुठल्या फाईलमध्ये आधी लिहून ठेवलेले नव्हते.

आता जवळचे पाहू. १६ जुलै २०१९ ला राजा ढाले विक्रोळीत गेले. दिवसभर मोबाईलवर तेच एक वाक्य फिरत होते: 'साधना'त १९७२ साली 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिणारे पँथर. बरोबर आहे. पण 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती', 'विद्रोह' ही अनियतकालिके काढणारे ढाले, भाषेवर आणि बुद्धावर अनेक वर्षे वाचत राहिलेले ढाले कुठे गेले? ते वाक्य फिरवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे इथे मान्य केले पाहिजे. ब्राह्मणी माध्यमांना दोष देणे सोपे आहे, तो त्यांचा आहेच. पण आपल्याकडेही दुसरा कप्पा नव्हता. आपण काय करतो? रात्री फ्लेक्सवाल्याकडे जातो. त्याच्याकडे साचा तयार असतो: समई, फुले, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली इच्छुक नगरसेवकांचे फोटो. मोकळी जागा एवढीच की मधला चेहरा बदलायचा. 'झुंजार', 'थोर', 'आधारवड' हे शब्द सगळ्यांना सारखेच लागतात.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एक ताई गेल्या. धुणीभांडी करून त्यांनी वस्तीत पहिले महिला मंडळ उभे केले, सार्वजनिक नळासाठी महापालिकेच्या दारात बायकांना घेऊन बसल्या, विहाराच्या पत्र्यासाठी दारोदार वर्गणी मागितली. आम्ही एका वर्तमानपत्राला फोन केला. तिकडून विचारले, "जाहिरात द्यायची आहे का? दर पाठवतो." त्या रात्री आम्हाला खूप राग आला. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी बोलायला उभे राहिलो तेव्हा कळले की मंडळ कोणत्या साली सुरू झाले हे आम्हालाही ठाऊक नाही. त्यांच्या मुलालाही नव्हते. घरात शिधापत्रिका सापडली आणि एक गटाचा फोटो. त्या फोटोतल्या अकरा बायकांपैकी चौघींचीच नावे सांगता आली. त्या वर्तमानपत्राने फोन ठेवण्याऐवजी "बरं, सांगा, लिहून घेतो" म्हटले असते, तर आम्ही काय सांगणार होतो?

आमच्या घरामागच्या डोंगरात याचे उत्तर दीड हजार वर्षे पडून आहे. कान्हेरीला आपण जातो, मोठ्या चैत्यगृहापुढे फोटो काढतो आणि परत येतो. थोडे पुढे गेले की दिवंगत भिक्खूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या लहान स्तूपांची रांग लागते. तिथल्या शिळांवरचे ब्राह्मी लेख पुरालेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी वाचले. त्यात स्थविरांची नावे आहेत आणि साधनेत ते कुठवर पोहोचले होते याचे वर्णन आहे. कोणत्या राजाने मान दिला याची वाट न पाहता संघाने आपल्या माणसांची नोंद स्वतः केली, तीही नावानिशी.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी दुपारी वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे वही घेऊन जातो. जन्मगाव, मुंबईला कधी आले, कुठल्या गिरणीत किंवा कारखान्यात होते, कुठल्या मोर्चात, कुठल्या तुरुंगात, सोबत कोण होते. सोबत कोण होते, हा प्रश्न आम्ही दोनदा विचारतो, कारण बायकांची नावे दुसऱ्यांदा विचारल्यावरच निघतात. फोटोमागे नावे लिहितो. लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवतो.

मागाठाण्यातले एक बाबा नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते आधी हसले. "म्हणजे माझी मरणाची तयारी करताय तुम्ही पोरं!" आम्ही ओशाळलो. मग चष्मा लावून त्यांनी वही ओढून घेतली. "झुंजार" खोडले. तुरुंगातले आठ दिवस होते, आम्ही पंधरा लिहिले होते, ते दुरुस्त केले. खाली तीन नावे वाढवली. त्यातले एक त्यांच्या बायकोचे होते. ते आत असताना तिने भाजीची पाटी डोक्यावर घेऊन घर चालवले, हे त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच सांगितले. आजीबाई आतून म्हणाल्या, "माझं कशाला लिहिता?"

"लिहू द्या," बाबा म्हणाले. "पण फोटो हा नको. त्यात मी आजारी दिसतो. पुढच्या रविवारी या, तुरुंगातून सुटलो तेव्हाचा शोधून ठेवतो."