काँक्रीट टिकलं, जमीन खचली : 1913 ची एक गोष्ट

सहकारी सोसायट्यांना धान्याची गोदामं देणारी केंद्राची योजना 2023 मध्ये मंजूर झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये 11 राज्यांतल्या 11 सोसायट्यांची पहिली गोदामं सुरूही झाली. आपल्याकडे चर्चा होते ती गोदाम किती टनांचं, अनुदान किती आणि ठेकेदार कोणाचा माणूस, याची. खालची जमीन कशी आहे, हे मी तरी अजून कुठल्या बैठकीत कोणाला विचारताना ऐकलं नाही. म्हणून ही कॅनडातली जुनी गोष्ट सांगतो.

विनिपेगजवळचं ट्रान्सकोना. सगळा गव्हाचा मुलूख. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने 1911 मध्ये तिथं भलंमोठं धान्यकोठार बांधायला घेतलं. 92 फूट उंचीच्या 65 गोल कोठ्या, सगळ्या मिळून एकाच दोन फूट जाड काँक्रीटच्या पायावर. क्षमता दहा लाख बुशेल, म्हणजे साधारण 27 हजार टन. सप्टेंबर 1913 मध्ये गहू भरायला सुरुवात झाली.

18 ऑक्टोबरला पावणेनऊ लाख बुशेल गहू आत होता, आणि कोठार खचायला लागलं. तासाभरात फूटभर खाली. मग ते पश्चिमेकडे कलू लागलं आणि 24 तासांत जवळपास 27 अंश कललं. एवढं होऊनही काँक्रीट शाबूत राहिलं! बांधणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. दगा दिला तो खालच्या चिकणमातीने.

माती तपासलीच नव्हती असंही नाही. तपासली, पण वरवर. छोट्या प्लेटवर वजन ठेवून बघितलं, ते पेललं, झालं. छोट्या प्लेटचा दाब थोड्याच खोलीपर्यंत जातो. 195 फूट लांब, 77 फूट रुंद पायाचा दाब खूप खोल उतरतो, आणि तिथं माती वरच्यापेक्षा मऊ होती. आणखी एक गोष्ट. घराचं वजन वर्षभर साधारण तेवढंच राहतं, कोठाराचं तसं नसतं. इथं रिकामी इमारत सुमारे 20 हजार टनांची आणि आतला गहू जवळपास 24 हजार टनांचा. नव्या कोठाराची खरी परीक्षा पहिल्यांदा भरताना होते, आणि ते सावकाश, सगळीकडून सारखं भरायचं ते त्याचसाठी.

आपल्या काळ्या मातीचं दुखणं वेगळं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया वरखाली ढकलते. भिंतीत तिरकी चीर दिसली की आपल्याकडे सिमेंट लिंपून चुना मारतात. पुढच्या पावसानंतर चीर परत तिथंच! छताचं पाणी पायाशी मुरतंय का, हे आधी बघायला हवं. ते बंद न करता पैसे ओतणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. चीर वाढतेय की थांबलीय हे कळायला तिच्या टोकाशी तारीख लिहून ठेवली तरी पुरतं. खर्च एका खडूचा.

ट्रान्सकोनाच्या लोकांनी मात्र कोठार पाडलं नाही. गहू काढून घेतला, खाली बोगदे खणले, थेट खडकापर्यंत खांब उतरवले आणि जॅक लावून अख्ख्या कोठ्या सरळ केल्या. कोठार आधीपेक्षा काही फूट खाली बसलं, पण पुन्हा वापरात आलं. तिथली माती खोलवर भोकं पाडून नीट तपासली गेली ती 1951 मध्ये. ही माती किती भार पेलेल, याचा त्या नमुन्यांवरून काढलेला आकडा कोठार खचलं तेव्हाच्या भाराच्या अगदी जवळ आला.