एक देश, एक घड्याळ : भारतीय प्रमाणवेळ आणि उन्हाळी वेळेचा प्रश्न

नवी दिल्ली : मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पूर्ववत केली जातात. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी होतो. भारतात घड्याळाला हात लावला जात नाही. तरीही गुरुग्राम आणि नोएडा येथील, परदेशी ग्राहकांना सेवा देणाऱ्या कार्यालयांच्या पाळ्या त्यानुसार बदलतात. दिल्ली आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेतील अंतर उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तासांचे असते. लंडनबाबत ते अनुक्रमे साडेचार आणि साडेपाच तासांचे असते.

भारतात उन्हाळी वेळ आणि स्वतंत्र कालविभाग या दोन मागण्यांची अनेकदा गल्लत होते. उन्हाळी वेळेचा संबंध अक्षांशाशी, तर कालविभागाचा रेखांशाशी आहे. लंडनमध्ये वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत पावणेनऊ तासांच्या आसपास फरक पडतो. दिल्लीत तो साडेतीन तासांहून थोडा अधिक, मुंबईत सुमारे सव्वादोन तास आणि कन्याकुमारीत एका तासाहूनही कमी आहे. त्यामुळे ऋतुमानानुसार घड्याळ बदलण्याचा लाभ उत्तरेस मर्यादित आणि दक्षिणेस जवळपास नगण्य ठरतो.

पूर्व-पश्चिम अंतराचा प्रश्न मात्र खरा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आधारित असून हा रेखांश उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जातो. अरुणाचल प्रदेश आणि कच्छ यांच्या टोकांवरील सूर्योदयात सुमारे दोन तासांचे अंतर पडते. प्रमाणवेळेच्या तुलनेत दिल्लीचा सूर्य सुमारे २१ मिनिटे आणि मुंबईचा ३९ मिनिटे मागे असतो. एकट्या महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर यांच्यात सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे. याउलट आसाममधील दिब्रुगड येथे जूनमध्ये सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत मावळतो. त्या वेळी दिल्लीतील कार्यालये सुरूच असतात.

देशासाठी एकच वेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. परंतु ती सर्वत्र सहजासहजी स्वीकारली गेली नाही. कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत टिकवली. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ स्वातंत्र्यानंतरही १९५० च्या दशकापर्यंत वापरात होती. घड्याळ पुढे करण्याचा प्रयोगही देशाने केला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात प्रमाणवेळ एक तास पुढे होती. ही व्यवस्था केवळ उन्हाळ्यापुरती नव्हती. ती बाराही महिने चालली.

आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ आजही पाळली जाते. ईशान्य भारतासाठी स्वतंत्र कालविभागाची मागणी करणारी याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये फेटाळली. त्याच वर्षी अरुणाचल प्रदेशचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनीही ही मागणी मांडली. देशाची प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन कालविभाग शक्य असल्याचे सुचवले. पश्चिम बंगाल आणि आसाम यांच्या सीमेलगत विभागरेषा ठेवल्यास रेल्वेच्या मोजक्याच स्थानकांवर वेळ बदलावी लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. बंगळुरू येथील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या अभ्यासकांनी, देश न विभागता प्रमाणवेळच अर्धा तास पुढे नेण्याचा पर्याय मांडला होता. संध्याकाळच्या वीजवापरात बचत हा त्यामागील मुख्य आधार होता.

केंद्राची भूमिका मात्र बदललेली नाही. २००१ मध्ये नेमलेल्या समितीने एकच प्रमाणवेळ कायम ठेवण्याकडे कौल दिला. त्यानंतर उच्चस्तरीय समितीनेही सामरिक कारणांस्तव दोन कालविभागांना प्रतिकूल मत दिल्याचे सरकारने संसदेत सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी कामकाजासाठी भारतीय प्रमाणवेळच बंधनकारक करण्याचा प्रस्ताव होता. ही वेळ अचूकपणे पोहोचवण्याच्या योजनेत अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांचा समावेश आहे.

घड्याळाऐवजी कामाची वेळ बदलणे, हा मार्ग मात्र खुला आहे. उत्तर भारतातील अनेक शाळांच्या उन्हाळी आणि हिवाळी वेळा वेगवेगळ्या असतात. पंजाबने २०२३ मध्ये २ मे ते १५ जुलै या काळात सरकारी कार्यालये सकाळी साडेसात ते दुपारी दोन या वेळेत चालवली. वीजबचत हाच त्यामागील हेतू होता. अशा बदलासाठी राष्ट्रीय प्रमाणवेळेला धक्का लावावा लागत नाही. मात्र देशव्यापी वेळापत्रकांनी बांधलेल्या बँका, रेल्वे आणि परीक्षा यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. ईशान्येची मूळ तक्रार तेथेच शिल्लक राहते.