एका चौकटीत अनेक काळ : गुलाममोहम्मद शेख यांची चित्रे



लघुचित्र म्हटले की दरबार, राधाकृष्ण, बारमासा आणि संग्रहालयातील काचेची पेटी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ही परंपरा राजेरजवाड्यांबरोबर संपली, असाही सर्वसाधारण समज आहे. बडोद्याचे चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांची चित्रे पाहिली असता तो टिकत नाही.

शेख यांचा जन्म १९३७ साली सुरेंद्रनगर येथे झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांना इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे १९६३ ते १९६६ या काळात त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. बडोद्यास परतून त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले.

युरोपीय यथादर्शनात पाहणारा एका जागी उभा असतो. लघुचित्रात तसे नाही. तेथे महाल, उद्यान आणि रणभूमी एकाच पानावर नांदतात. एकच नायक त्याच पानात दोनतीनदा भेटतो. शेख यांनी लघुचित्राची नक्षी उचलली नाही, ही पाहण्याची रीत उचलली. ‘दीर्घकाळानंतर घरी परतताना’ (१९६९-७३) या चित्रात खाली त्यांची आई आहे, मागे गावची घरे आहेत आणि वर आकाशात फारशी चित्रपरंपरेतील बुराक व देवदूत आहेत. स्मृती आणि श्रद्धा तेथे शेजारीशेजारी राहतात.

या रीतीची खरी कसोटी ‘विकाऊ शहर’ (१९८१-८४) या चित्रात लागली. ऐंशीच्या दशकारंभी बडोदे जातीय दंगलींनी होरपळत होते. हातात धरून पाहावयाचे लघुचित्र येथे भिंतीएवढे झाले. त्यात एकीकडे दंगल आहे, एकीकडे ‘सिलसिला’ चित्रपट चालला आहे, भाजीवाली आपली गाडी घेऊन उभी आहे आणि मध्यभागी तिघेजण डोकी जुळवून सिगारेट पेटवीत आहेत. एका जागी उभा राहणारा यांपैकी एकच काही पाहील आणि बाकीच्याविषयी अजाण राहील. शेख आपल्याला ती सवलत देत नाहीत. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

शेख हे गुजराती कवीही आहेत. त्यांच्या १९७४ च्या संग्रहाचे नाव ‘अथवा’. या एका अव्ययात त्यांच्या चित्रांचे मर्म आले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. परंपरा जपावयाची म्हणजे ती कुलुपात ठेवावयाची नव्हे. तिच्या डोळ्यांनी आपले शहर पाहावयाचे.