जागरणाची गोळी

परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात मीही जागरणाची गोळी घेतली होती. पहाटे खुंटीवरचा सदरा माणूस होऊन उभा राहिला! पुढे फिनलंडच्या आइमो कोइवुनेनची हकीकत वाचली, आणि तो सदरा आठवला. मार्च १९४४. लॅपलंडच्या बर्फात रशियन सैनिक पाठीवर. तुकडीसाठी जवळ ठेवलेल्या पर्विटिनच्या ३० गोळ्या त्याने एकदम गिळल्या. शुद्ध हरपली, भास सुरू झाले. सुमारे ४०० किलोमीटर भटकून तो सापडला, तेव्हा वजन उरले होते ४३ किलो. दोष डोळ्यांचा नव्हे. अशा गोळीने मेंदूत डोपामिन उसळते, आणि क्षुल्लक सावलीलाही भलताच अर्थ चिकटतो. १९५८ साली लंडनमध्ये फिलिप कॉनेल यांनी अॅम्फेटामिनने भ्रमिष्ट झालेल्या ४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा मुलांनो, झोप आली की झोपा. ती उसनवारीवर चालत नाही.