कऱ्हेचा अर्धा र

मोरोपंतांचे (१७२९–१७९४) आयुष्य बव्हंशी बारामतीत, कऱ्हा नदीच्या काठी गेले. पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयाने येथे स्थिरावला आणि येथेच त्याची आर्या बहरली. एकच रामकथा एकशेआठ प्रकारांनी सांगण्याचा त्यांचा उद्योग प्रसिद्ध आहे. त्या रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठांना ओठ लागून उच्चारले जाणारे वर्ण त्यात वर्ज्य. प, फ, ब, भ, म गेले म्हणजे ‘राम’ हा शब्दही गेला. ज्याची कथा सांगायची त्याचे रूढ नाव न घेता ती तडीस न्यायची, अशी ही अट. पुढील काळच्या समीक्षेने असल्या रचनांची गणना शब्दचमत्कृतीत केली व ती पुढे गेली. आम्हीही वर्गात हे रामायण एका वाक्यात उरकत असू. पुढे एका टाकाऊ संगणकासमोर बसण्याची वेळ आली, तेव्हा ते निराळ्या अर्थाने आठवले.

गोष्ट २००८-०९ च्या सुमाराची आहे. आम्ही म्हणजे बारामती आणि इंदापूर येथे मराठी शिकविणारी चार-पाच मंडळी. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातील ऊस, पाटपाणी आणि गुऱ्हाळ यांच्याभोवतीच्या बोलीतील शब्दांची यादी अनेक वर्षे खपून केली होती. ती त्यांनी संगणकावर उतरविली; पण ज्या मराठी अक्षरजुळणी प्रणालीत उतरविली, ती यंत्राच्या पाठीमागे कुलपाप्रमाणे एक लहानसे उपकरण लावल्यावाचून चालत नसे. सहकारी गेले, यंत्र बिघडले, कुलूप हरवले. उरली ती एक सीडी. ती दुसऱ्या संगणकात घालावी तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रांग उमटे. शब्द होते आणि नव्हतेही. नवी प्रणाली विकत घेण्याची ऐपत नव्हती. हाती होता तो एका कार्यालयाने मोडीत काढलेला, १२८ मेगाबाइट स्मृतीचा संगणक. त्यावर चालेल अशी एकच जात आम्हांस कोणी सुचविली: हलके लिनक्स.

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. १९९१ हे साल या कथेत तीन वेळा येते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या कार्यप्रणालीच्या गाभ्याची वार्ता जगाला दिली. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही सांकेतिक व्यवस्था भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली होती. लिनक्सचा मजकूर सर्वांस खुला असल्याने ज्याला जे हवे ते घालून, नको ते गाळून आपापली प्रत सिद्ध करता येई. अशा प्रतीला वितरण म्हणतात. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन हे त्यांतील एक जुने घराणे. हलकी वितरणे ही अशीच, पण गाळण्यावर भर देणारी. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ने स्वतःवर पन्नास मेगाबाइटांची मर्यादा घालून घेतली होती, ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘पपी लिनक्स’ सीडीवरून उठून थेट स्मृतीत राहत असे. मोडीत निघालेले यंत्र त्यामुळे पुन्हा चालू लागे. पंतांची अट ओठांची होती, यांची जागेची.

परंतु गाळताना काय गाळले जाते? जे गाळणाऱ्याला लागत नाही ते. आमच्या यंत्रावर प्रथम डॅम स्मॉल लिनक्स आले. ते झपाट्याने सुरू झाले, इंग्रजी मजकूर सुरेख दिसला, आणि मराठी मजकुराच्या जागी चौकोनच चौकोन. कारण साधे होते: देवनागरीचा एकही फाँट सोबत नव्हता. तेव्हाच्या मुक्त प्रणालींत सर्रास दिल्या जाणाऱ्या ‘देजाव्यू’ या फाँटात लॅटिन, ग्रीक, सिरिलिक लिप्या होत्या, देवनागरी नव्हती. यावर उतारा ‘लोहित’चा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले हे भारतीय लिप्यांचे फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले केले होते. फाँटाची फाइल ठरावीक कप्प्यात ठेवायची आणि फाँटांची नोंद पुन्हा करण्याची आज्ञा द्यायची, एवढाच विधी. चौकोन गेले, अक्षरे आली. आम्ही मोठ्या उत्साहाने ‘बारामती’ लिहिले, ‘इंदापूर’ लिहिले. दोन्ही नावे बिनचूक उमटली. काम झाले असे वाटले.

ही फसगत होती. योगायोग असा की या दोन्ही नावांत जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. तुकोबांची पालखी आषाढात बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापुरास येते. त्या वाटेवरचे ‘निमगाव’ लिहिले मात्र, आणि वेलांटी न च्या पुढे जाऊन बसली. ‘दिंडी’चीही तीच गत. वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढली जाते, परंतु युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे अक्षरानंतर साठविली जाते. साठविलेला क्रम आणि दाखविण्याचा क्रम यांतील ही अदलाबदल करणारा एक स्वतंत्र भाग प्रणालीत असावा लागतो. २००२ मधील ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘पँगो’ नावाचा असा भाग सर्वत्र रुजला होता. आमच्या वितरणाने जागा वाचविण्यासाठी त्याहून जुनी, इंग्रजीपुरती पुरेशी असलेली साधने राखली होती. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक बसतात; तेथे या भागाचा अभाव कोणाला जाणवणार?

हे आम्हांस कळले ते आमच्या बुद्धीने नव्हे. या विषयातील एका बंगाली जाणकाराने, आमची त्याची ओळख नसता, ते सविस्तर लिहून कळविले. बंगाली लिपीतही ऱ्हस्व इकार आधी काढला जातो. त्याने हे दुखणे स्वतः सोसले होते. त्याच्या सल्ल्याने आम्ही पपीकडे वळलो. तिचे आकारमान सुमारे शंभर मेगाबाइट. म्हणजे दुप्पट जाड, पण पँगो सोबत असलेली. वेलांटी जागेवर आली. भारतीय कळफलक बसविला. पपीची एक सोय अशी की आपण केलेले फेरफार धरून नवी सीडी तयार करता येते. ती आम्ही तयार केली. मराठीचे ओझे वाहू शकणारी ती आमची स्वतःची हलकी प्रत.

आता सहकाऱ्यांच्या यादीकडे वळता आले. जुन्या फाँटांत प्रत्येक मराठी आकार एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसविलेला असे. कोणता आकार कोठे, याचा तक्ता हाती असला की मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, आणि असे तक्ते स्वयंसेवकांनी सिद्ध केलेले होते. आम्ही यादी त्यातून काढली. पाट, चारी, बारे, फड असे शब्द एकामागून एक परत येऊ लागले. एखाद्या गेलेल्या माणसाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसे ते होते. आणि मग ‘गुऱ्हाळ’ आले ते ‘गुहाळ’ होऊन. ‘शेतकऱ्याचा’ झाला ‘शेतकयाचा’. ‘कऱ्हा’ झाली ‘कहा’. बारामती तालुक्यातील ‘कोऱ्हाळे’ झाले ‘कोहाळे’.

तक्ता हिंदी मजकूर समोर ठेवून केलेला होता आणि हिंदीत हा अर्धा र नाही. आम्ही हा दोष कळविला, तेव्हा तक्ता सांभाळणाऱ्याने सरळ विचारले: र चा रफार होतोच, मग हा आणखी एक र कशासाठी? प्रश्नात उपहास नव्हता. त्याला खरोखर ठाऊक नव्हते. आणि वर्षानुवर्षे मराठी शिकविणाऱ्या आम्हांलाही उत्तर नीट मांडण्यास दोन दिवस लागले.

उत्तर असे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यांना’ दिलेला मान निराळा, ‘आचाऱ्यांना’ दिलेला निराळा. रफाराने मागच्या अक्षरावर आघात येतो. अर्ध्या र ने तो येत नाही. म्हणून ‘दर्या’तील द गुरू, ‘दऱ्या’तील द लघू. मात्रावृत्तात, म्हणजे पंतांच्या आर्येतही, एवढ्याने एक मात्रा बिघडते. शिवाय ‘शेतकरी’, ‘वारकरी’, ‘दुसरा’ हे शब्द विभक्तीत गेले की याच र वाचून त्यांचे सामान्यरूप लिहिता येत नाही. ज्या प्रदेशातून वारी जाते आणि जो उसावर जगतो, तेथे हा र गाळणे म्हणजे माणसे गाळणे होय.

युनिकोडला हा र अज्ञात होता असे नाही. मराठी व नेवारी यांचा उल्लेख करून त्याची तरतूद केलेली आहे. परंतु ती दुहेरी आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीची रीत म्हणजे र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. इस्कीची रीत म्हणजे ऱ आणि हलन्त. हा ऱ मूळचा द्राविडी भाषांतील एक वर्ण लिप्यंतरित करण्यासाठी ठेवलेला. दोन्ही रीती पडद्यावर तंतोतंत सारख्या दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते निरनिराळे शब्द. एका रीतीने लिहिलेले ‘गुऱ्हाळ’ दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडेलच असे नाही. पाठभेद डोळ्यांना दिसतो, अशी आपली समजूत. हा पाठभेद डोळ्यांना न दिसणारा आहे. शिवाय ज्यांना दोन्ही रीती साधत नव्हत्या ते आडवी रेघ मारून मोकळे होत. ‘शेतक-यांना’ असे लेखन वाचकांनी त्या काळच्या कित्येक मराठी संकेतस्थळांवर पाहिलेच असेल.

आमचे स्पष्टीकरण, उदाहरणांसह, त्या गृहस्थांनी मान्य केले. तक्त्यात एका ओळीची भर पडली. तो भाग कोणी, कधी आणि का बदलला याची नोंद तेथे राहिली. यादीतील शब्द आम्ही एकेक करून तपासले, सर्व अर्धे र एकाच रीतीने लिहिले आणि तिच्या प्रती दोन्ही गावांत ठेवल्या.

या नोंदीपाशी आम्हांस एकनाथांची आठवण होते. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हस्तलिखितांतून हातोहात उतरताना शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि यापुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी कठोर ताकीद दिली. त्यांचे भय रास्त होते: कोणी काय घातले हे पोथीत कळत नसे, म्हणून घालणेच वर्ज्य. मुक्त प्रणालीचा मार्ग उलट आहे. घालण्यास मुभा, परंतु प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि मागे जाता येते. दोन्ही मार्गांचा हेतू एकच, पाठ विश्वासार्ह राहावा हा. फरक इतकाच की दुसऱ्या मार्गात अपपाठ दिसला तर तो दाखविण्याचे कर्तव्य वाचकावरही येते.

समुदायाचे साहाय्य म्हणजे परोपकारी तंत्रज्ञांनी अडाणी वापरकर्त्यांना दिलेला हात, असा समज आम्ही बाळगून होतो. तो अर्धाच खरा निघाला. पँगो काय करतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. अर्धा र काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हते. निरोष्ठ रामायण रचणाऱ्या कवीला आपण काय सोडतो याची पुरती जाणीव असते, आणि सोडलेल्याची भरपाईही तोच करतो. यंत्रात सोडणारा एक असतो, उणीव सोसणारा दुसरा. आणि सोसणाऱ्याने सांगितल्यावाचून ती उणीव सोडणाऱ्याच्या ध्यानात येण्याचा मार्ग नाही. मराठी पुष्कळदा द्वेषाने गाळली जात नाही, कोणी सांगितले नाही म्हणून गाळली जाते. ते सांगण्याचे ज्ञान व्याकरणाच्या आणि छंदाच्या तासाला बसणाऱ्यांपाशी आहे.

त्यानंतर बरेच बदलले. लोहित फाँट २०११ मध्ये अधिक खुल्या परवान्याखाली आले. वेलांटी आता सहसा जागेवर बसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने बत्तीस बिटी यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली. आमच्या त्या जुन्या यंत्राच्या पिढीला तेथे जागा उरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि अनेक चालते संगणक पुन्हा अडगळीच्या वाटेला लागले. त्यांतील एखादा हाती आला की आम्ही त्यावर हलके लिनक्स बसवितो आणि ‘कऱ्हा’ हा शब्द लिहून पाहतो. तो नीट उमटला, तरच बाकीचे मराठी उमटेल असे धरून पुढे जातो.