ब्रीदवाक्य आणि बंद दार

वृत्तपत्रात काम करावयाचे असेल तर महाविद्यालयात जाऊन शिकावयाचे काय, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कित्येक संपादक उघडपणे विचारीत असत. छापखान्याच्या शाईने हात काळे झाल्यावाचून पत्रकार घडत नाही, ही त्यांची धारणा होती. या प्रश्नाचे उत्तर मिसुरी राज्यातील कोलंबिया या लहानशा नगरात मिळाले. ते देणारा मनुष्य स्वतः मात्र कधी महाविद्यालयात गेला नव्हता.

वॉल्टर विल्यम्स यांचा जन्म 1864 साली बूनव्हिल येथे झाला. छापखान्यात उमेदवारी करीत ते संपादकपदापर्यंत पोहोचले. वैद्यकाला आणि वकिलीला जसे रीतसर शिक्षण लागते, तसेच ते पत्रकारालाही हवे, हा त्यांचा आग्रह होता. 1908 साली मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय स्थापन झाले आणि विल्यम्स त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. पुढे 1931 साली ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्षही झाले.

14 सप्टेंबर 1908 रोजी वर्ग भरले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंकही निघाला. हे पत्र केवळ वर्गापुरते नव्हते. विद्यार्थ्यांनी नगरात फिरून बातम्या जमवाव्यात, प्राध्यापकांनी त्या तपासाव्यात आणि नागरिकांनी त्या वाचाव्यात, अशी ही पद्धत होती. चूक झाली तर ती साऱ्या गावासमोर येई. 1953 साली विद्यापीठाने दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले, तेव्हा तेथेही हाच क्रम चालू राहिला. 1910 साली मेरी पॅक्स्टन ही तरुणी येथून पदवीधर झाली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

परंतु हाताचे कौशल्य म्हणजे सचोटी नव्हे, हे विल्यम्स जाणून होते. 1914 च्या सुमारास त्यांनी पत्रकाराचा एक 'विश्वासनामा' लिहिला. वृत्तपत्र ही जनतेने सोपविलेली ठेव आहे. अंतःकरणाला जे सत्य वाटते तेच लिहावे. देवाचे भय आणि मानवाचा आदर राखणारी पत्रकारिताच यशाला पात्र ठरते, असा त्याचा आशय आहे. मायबाप वाचकहो, हे शब्द आपल्यालाही परके वाटणार नाहीत.

आणि म्हणूनच पुढील प्रसंग अधिक बोचतो. 1939 साली ल्युसिल ब्लुफर्ड या अनुभवी पत्रकार स्त्रीने तेथील उच्च अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. तिची गुणपत्रिका पाहून प्रवेश मंजूर झाला. ती प्रत्यक्ष येऊन उभी राहिली, तेव्हा ती कृष्णवर्णीय आहे हे दिसले आणि तिला परत पाठविण्यात आले. ती न्यायालयात गेली, परंतु 1941 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला. पुढच्याच वर्षी तो अभ्यासक्रम, युद्धकाळाचे कारण सांगून, बंद करण्यात आला. तोवर विल्यम्स निवर्तले होते. तथापि त्यांच्या काळातही ते दार कृष्णवर्णीयांसाठी मिटलेलेच होते. मानवाच्या आदराची भाषा आणि हे दार एकाच आवारात नांदत होते.

ब्लुफर्ड खचल्या नाहीत. 'कॅन्सस सिटी कॉल' या आपल्या वृत्तपत्रातून त्या दीर्घकाळ लिहीत राहिल्या. 1950 साली विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रथम प्रवेश दिला. 1984 साली त्याच विद्यालयाने ब्लुफर्ड यांना सन्मानपदक दिले, तर 1989 साली विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. नाकारल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणीही आज पत्रकारिता आणि जनसंज्ञापन यांकडे वळतात. शुल्क किती, नोकरी लागेल का, असे आईबाप विचारतात आणि ते रास्तच आहे. पण मुलांनी आणखी एक गोष्ट विचारावी. भिंतीवर जे ब्रीद कोरले आहे, ते दाराशी पाळले जाते काय? हा प्रश्न प्रथम आपल्या संस्थांना आणि आपल्या घरांना विचारण्याचे धैर्य आपणांस लाभो.